फुटल्यावरची फसवी शांतता

प्लीहेच्या, म्हणजे पाणथरीच्या, धमनीला फुगवटा आलाय हे बहुतेकांना कळतं ते दुसऱ्याच कारणाने केलेल्या सीटी स्कॅनमध्ये. ही धमनी स्वादुपिंडाच्या वरच्या कडेने नागमोडी जात डाव्या बरगड्यांखाली पोहोचते. पोटातल्या अवयवांकडे जाणाऱ्या धमन्यांपैकी सर्वांत जास्त फुगवटे हिलाच येतात. बोसिए यांनी १७७०मध्ये शवविच्छेदनात तो पहिल्यांदा नोंदवला. पुरुषांपेक्षा बायकांत तो सुमारे चौपट आढळतो. अनेक बाळंतपणं झालेल्यांत, तसंच सिऱ्हॉसिसमुळे यकृताकडच्या शिरेत दाब वाढलेल्यांत धोका अधिक.

बहुतेक फुगवटे कधी फुटतच नाहीत. फुटला, तर मात्र काही वेळा तो दोन टप्प्यांत फुटतो. आधी रक्त जठरामागच्या बंदिस्त पोकळीत साचतं आणि त्याच्याच दाबाने गळती थांबते. रक्तदाब सावरतो, दुखणं ओसरतं, घरचे सुटकेचा श्वास सोडतात. काही तासांनी, कधी काही दिवसांनी, ते रक्त वाट काढून सगळ्या पोटात पसरतं आणि माणूस कोसळतो. डॉक्टरांच्या हाती असतो तो एवढाच मधला वेळ.

गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, तोही निसटतो. दिवस भरत आलेली बाई पोटदुखीने बेशुद्ध पडली, की आधी शंका येते वार सुटल्याची किंवा गर्भाशय फाटल्याची. त्यात चूक काही नाही, तीच कारणं जास्त आढळतात. पण गरोदरपणात हा फुगवटा फुटल्याच्या आजवर नोंदल्या गेलेल्या घटनांमध्ये सुमारे ७० टक्के माता आणि ९० टक्क्यांहून अधिक बाळं दगावली आहेत. म्हणूनच अमेरिकेतल्या रक्तवाहिनी शल्यचिकित्सकांच्या संघटनेने २०२०मध्ये इतरांसाठी ३ सेंटिमीटरची मर्यादा घातली, तरी मूल होण्याच्या वयातल्या बायकांसाठी आकार न पाहता उपचार सुचवले. ‘लहान आहे, सहा महिन्यांनी बघू’ हे उत्तर त्यांना देऊ नये.

स्वादुपिंडाच्या सुजेतून येणारा फुगवटा वेगळाच. तिथे पाचकरस धमनीची भिंत कुरतडतात. रक्त कधी स्वादुपिंडाच्या नळीतून आतड्यात उतरतं. शौचाला काळं होतं, एंडोस्कोपीत मात्र जठर स्वच्छ दिसतं. हाही आकार न मोजता बंद करायचा असतो.

आता बहुधा जांघेतून बारीक नळी घालून फुगवट्यात धातूच्या कॉइल सोडतात. प्लीहेला जठराकडच्या छोट्या धमन्यांतून रक्त मिळत राहतं, त्यामुळे ती सहसा तगते. तिचा एखादा भाग मेलाच, तर काही दिवस ताप आणि दुखणं. प्लीहा काढावी लागली, तर न्यूमोकोकससारख्या जंतूंविरुद्धच्या लसी घ्याव्या लागतात.