दोन युद्धांतला हिंको स्म्रेकार

1914 च्या उन्हाळ्यात ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियावर चाल केली आणि लुब्लियाना शहरात सर्बियाविषयी आपुलकी बाळगणाऱ्यांची धरपकड सुरू झाली. लेखक इव्हान त्सांकारला गडावर कोंडले. व्यंगचित्रकार हिंको स्म्रेकारही त्या संशयातून सुटला नाही. व्हिएन्नातल्या स्लाव विद्यार्थ्यांच्या ‘वेस्ना’ कलामंडळातून पुढे आलेला हा चित्रकार तेव्हा 31 वर्षांचा होता. ज्या सत्तेने त्याला पकडले, तिनेच नंतर त्याच्या अंगावर गणवेश चढवला. त्या सक्तीच्या शिपाईगिरीतून 1919 मध्ये त्याचे ‘चर्नोवोय्निक’ हे सचित्र पुस्तक आले.

पण मला त्याचे खरे मोठेपण दिसते ते 1917 मध्ये. युद्ध पेटलेले असताना त्याने फ्रान लेव्स्तिकच्या ‘मार्टिन क्रपान’ या कथेसाठी चित्रे काढली. क्रपान हा चोरून मीठ वाहणारा खेडूत गडी. बर्फातल्या अरुंद वाटेवर बादशहाची बग्गी समोर येते, तेव्हा तो आपली घोडी ओझ्यासकट उचलून बाजूला ठेवतो. पुढे ब्र्दाव्स नावाचा राक्षसी योद्धा व्हिएन्नाला जेरीस आणतो, तेव्हा दरबाराला याच माणसाला बोलवावे लागते. गदेला लाकूड हवे म्हणून क्रपान महाराणीचे लाडके झाडही तोडतो. व्हिएन्नाच्या हुकमावरून स्लोव्हेन तरुण आघाडीवर मरत असताना हे चित्रांतून दाखवणे साधी गोष्ट नव्हती.

एप्रिल 1941 मध्ये इटलीच्या फौजा लुब्लियानात शिरल्या. फेब्रुवारी 1942 मध्ये त्यांनी साऱ्या शहराभोवती काटेरी तारांचे कुंपण घातले. प्रतिकार चळवळीने कलावंतांना प्रदर्शने, प्रकाशने बंद ठेवायला सांगितले होते. सप्टेंबरअखेर स्म्रेकार पकडला गेला, त्याच्याजवळ चळवळीचे छापील साहित्य सापडले. 1 ऑक्टोबर 1942 रोजी खटला न चालवता त्याला खडीच्या खाणीत गोळ्या घातल्या. शंभरावर ओलीस त्याच खाणीत मारले गेले. पत्रके जवळ बाळगली एवढ्यासाठी 59 वर्षांच्या चित्रकाराचा जीव घेतला, याची चीड अजूनही ओसरत नाही.

1954 मध्ये तोने क्राल्यने नव्याने क्रपान चितारला, तोही देखणा आहे. तरी मला स्म्रेकारचाच क्रपान अधिक जवळचा वाटतो. त्या रेषांमध्ये दरबाराचा धाक कुठेच नाही.