मोठ्या धरणाचे शहर, पर्यटन व वन्यजीवांना होणारे लाभ : जायकवाडी प्रकल्पाच्या संदर्भात

प्रस्तावना

धरण म्हटले की सिंचन व वीजनिर्मिती हे दोन हेतू प्रथम डोळ्यांसमोर येतात. तथापि कालांतराने मोठ्या धरणाभोवती अनेक नवी नाती निर्माण होतात. शहरे त्या पाण्यावर वाढतात, लोक विरंगुळ्यासाठी काठावर येतात आणि पूर्वी नसलेली जीवसृष्टी तेथे स्थिरावते. मराठवाड्यातील पैठणजवळ गोदावरीवर बांधलेले जायकवाडी धरण हे याचे ठळक उदाहरण होय. हे तीनही लाभ एकाच जलसाठ्यातून कसे उद्भवतात आणि त्यांचा परस्परांशी कोणता संबंध आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रकल्पाचे स्वरूप

जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये तत्कालीन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली व १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांनी धरणाचे उद्घाटन केले. सुमारे १० किलोमीटर लांबीच्या या मातीच्या धरणास २७ दरवाजे आहेत. त्यामागील जलाशयास संत एकनाथांच्या स्मरणार्थ ‘नाथसागर’ असे नाव देण्यात आले. त्याची एकूण साठवण क्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर असून त्यांपैकी २,१७१ दशलक्ष घनमीटर उपयुक्त साठा व ७३८ दशलक्ष घनमीटर मृतसाठा आहे. डावा व उजवा असे दोन कालवे मराठवाड्याच्या अवर्षणप्रवण भागास पाणी पुरवितात.

नाथसागराचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य म्हणजे त्याचा उथळपणा. जलाशय पूर्ण भरला असता सुमारे ३५० चौरस किलोमीटर क्षेत्र पाण्याखाली जाते. म्हणजे सरासरी खोली आठ मीटरांच्या आसपासच भरते. डोंगरी खोऱ्यातील धरणाप्रमाणे येथे खोल दरी नाही, सपाट काळी जमीन आहे. या एका भौगोलिक वस्तुस्थितीतून धरणाचे लाभ आणि अडचणी दोन्ही निर्माण झाल्या आहेत.

शहरांना होणारा लाभ

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हे शहर मोठ्या नदीच्या काठी वसलेले नाही. मलिक अंबरच्या काळापासून नहरी व पुढे हर्सूल तलाव यांवर शहराची तहान भागत असे. औद्योगिक वसाहतींसह वाढलेल्या शहराला ही साधने पुरेशी पडणे शक्य नव्हते. सुमारे ५० किलोमीटर अंतरावरील व शंभर मीटरांनी खालच्या पातळीवरील नाथसागरातून पाणी उपसून आणल्यामुळेच शहराचा विस्तार शक्य झाला. जालना शहरासही या जलाशयाचा आधार मिळाला.

हा लाभ दुष्काळात अधिक स्पष्ट होतो. २०१२-१३ आणि २०१५-१६ या अवर्षणाच्या वर्षांत उपयुक्त साठा संपला, तरी मृतसाठ्यातून पिण्याचे पाणी उचलता आले. २०१६ च्या उन्हाळ्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती उद्योगांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश दिला, तेव्हा पिण्याच्या पाण्याचा अग्रक्रम ठळकपणे अधोरेखित झाला.

मात्र धरण साठा देते, वितरण देत नाही. जलाशय भरलेला असतानाही शहरातील अनेक वसाहतींना वर्षानुवर्षे काही दिवसांआडच पाणी मिळत आले आहे. जलवाहिन्या व उपसा केंद्रे यांची क्षमता लोकसंख्येबरोबर वाढली नाही, तर काठावरचे पाणी घरातील नळापर्यंत पोहोचत नाही.

पर्यटन व विरंगुळा

धरणाच्या पायथ्याशी म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर संत ज्ञानेश्वर उद्यान उभारण्यात आले. कारंजी, हिरवळ व विस्तीर्ण जलाशयाचे दर्शन यांमुळे मराठवाड्यातील असंख्य शालेय सहलींच्या स्मृतींत या उद्यानाला स्थान आहे. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणून इतिहासात प्रसिद्ध असलेल्या पैठणला नाथषष्ठीनिमित्त वारकरी मोठ्या संख्येने येतात. ही यात्रा फाल्गुन वद्यात भरते. तेव्हा धरणाखालील पात्रात पाणी असणे हे बव्हंशी धरणातून होणाऱ्या विसर्गावर अवलंबून असते. अशा रीतीने विरंगुळा व श्रद्धा या दोहोंचा संबंध जलव्यवस्थापनाशी जोडला गेला आहे.

वन्यजीवांना होणारा लाभ

१९८६ मध्ये जायकवाडी पक्षी अभयारण्य घोषित झाले. मूळ आराखड्यात नसलेला हा लाभ उथळपणामुळे घडून आला. उथळ पाण्यात सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचून पाणवनस्पती वाढतात. त्यांवर कीटक, शंख-शिंपले व मासे पोसले जातात. पावसाळ्यानंतर पाणी हळूहळू ओसरू लागते आणि चिखलाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात. नेमक्या याच काळात हिवाळी स्थलांतरित पक्षी येथे येतात. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब, चक्रवाक, विविध बदके व तुतवार काठावर उतरतात, तर रोहित पक्षी उथळ पाणी गाळून अन्न मिळवितात.

याच उघड्या पडलेल्या जमिनीवर शेतकरी गाळपेरा करतात आणि मच्छीमारांची उपजीविकाही याच पाण्यावर चालते. त्यांपैकी काहींच्या कुटुंबांची मूळ जमीन जलाशयात गेलेली आहे. त्यामुळे अभयारण्याचे नियम आखताना त्यांना केवळ अतिक्रमक मानणे न्याय्य ठरणार नाही.

लाभांमधील परस्परसंबंध

शहराला वर्षभर भरलेला साठा हवा असतो, पर्यटकाला काठोकाठ पाणी आवडते आणि पक्ष्यांना मात्र क्रमाक्रमाने ओसरणारे पाणी हवे असते. जो उथळपणा पक्ष्यांना उपकारक, तोच शहराला महाग पडतो. पूर्ण विस्तारलेल्या जलाशयावरून केवळ एक मीटर जाडीचा थर बाष्परूपाने गेला, तरी सुमारे ३५० दशलक्ष घनमीटर पाणी नष्ट होते; म्हणजे मृतसाठ्याच्या जवळपास निम्मे.

शिवाय हा साठा मुळात वरच्या खोऱ्यावर अवलंबून आहे. नाशिक व अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यांतील धरणे भरल्यावरच नाथसागराकडे मोठा प्रवाह येतो. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमाने समन्यायी वाटपाचे तत्त्व स्वीकारले. त्यानुसार तुटीच्या वर्षांत वरच्या धरणांतून पाणी सोडले जाते. २०२३ मध्येही असे पाणी सोडण्यात आले. या प्रश्नावरून उद्भवणारे वाद पाहता पाण्याची मालकी नव्हे, तर वाटणी हाच कळीचा मुद्दा ठरतो.

समारोप

जायकवाडीच्या अनुभवावरून असे म्हणता येईल की, धरणाचे लाभ केवळ बांधकामातून आपोआप मिळत नाहीत. पाण्याची पातळी केव्हा, किती व कोणासाठी राखावी या निर्णयांतून ते मिळतात. दरवर्षी पावसाळ्याअखेर साठ्याचे नियोजन करताना पिण्याचे पाणी, सिंचन व उद्योग यांबरोबरच पक्ष्यांचा हंगाम, गाळपेरा व यात्रेचा काळ यांचीही नोंद घेतली जावी. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्यांना या नियोजनात स्थान मिळाले, तरच नाथसागराचे लाभ खऱ्या अर्थाने सार्वजनिक ठरतील.