मेल सर्व्हरचे स्थलांतर : खुल्या मानकांकडे जाताना (लेखांक ६)

कार्यालयाचा मेल सर्व्हर तीन कामे सांभाळतो : पत्रांची ने-आण, त्यांचा साठा आणि सर्वांची दिनदर्शिका व पत्त्यांची वही. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंजमध्ये ही तिन्ही कामे एकाच उत्पादनात बांधलेली असतात. खुल्या मानकांमध्ये प्रत्येक कामाचे नियम वेगळे आणि जाहीर असतात. पत्र पाठवण्यासाठी एसएमटीपी (१९८२), पत्रपेटीसाठी १९८६ पासून घडत आलेले आयमॅप, दिनदर्शिकेसाठी कॅलडॅव्ह (२००७) आणि पत्त्यांसाठी कार्डडॅव्ह (२०११). त्यामुळे सर्व्हर एकाचा आणि थंडरबर्डसारखा मेल प्रोग्राम दुसऱ्याचा असला, तरी दोघांचे जुळते.

जर्मनीतील श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याच्या प्रशासनाने ऑक्टोबर २०२५ मध्ये असे स्थलांतर पूर्ण केले. ४० हजारांहून अधिक पत्रपेट्या आणि १० कोटींहून अधिक पत्रे व दिनदर्शिकेतील नोंदी सुमारे सहा महिन्यांत एक्स्चेंजमधून ओपन-एक्स्चेंज या खुल्या मेल प्रणालीवर नेण्यात आल्या. आउटलुकची जागा थंडरबर्डने घेतली. सरकारी माहिती एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राहू नये, हा त्यामागचा मुख्य हेतू होता.

जुनी पत्रे हलवणे हा स्थलांतरातला सोपा भाग. आयमॅपसिंकसारखे साधन दोन्ही सर्व्हरवर एकदम लॉगिन करते आणि प्रत्येक फोल्डरमधील पत्रे मूळ तारीख, 'वाचले' किंवा 'न वाचलेले' अशा खुणांसह उतरवून घेते. पुन्हा चालवल्यास ते फक्त नवी पत्रे उचलते. म्हणून मोठा साठा आधीच, कामकाज चालू असताना हलवता येतो. बदलाच्या रात्री थोडीच पत्रे उरतात.

नवी पत्रे कुठे पोचवायची हे डीएनएसमधील, म्हणजे इंटरनेटवरील नावे-पत्त्यांच्या यादीतील, एमएक्स नोंद सांगते. ही नोंद इतर सर्व्हर काही काळ लक्षात ठेवतात. ती मुदत बऱ्याचदा एक दिवसाची असते; काही दिवस आधी ती पाच मिनिटांवर आणली, तर बदल लवकर सर्वत्र पोचतो. मधल्या वेळात सर्व्हर बंद असला तरी पत्र सहसा हरवत नाही, कारण पाठवणारा सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. मानकानुसार हे प्रयत्न किमान चार-पाच दिवस चालू राहायला हवेत. मात्र एसपीएफ आणि डीकेआयएम या ओळख पटवणाऱ्या नोंदी नव्या सर्व्हरप्रमाणे आधीच बदलल्या नाहीत, तर कार्यालयाची पत्रे समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतात.

खरी कसोटी दिनदर्शिकेची. आयमॅप फक्त पत्रे नेते. बैठका, पत्ते, साहेबांची दिनदर्शिका सांभाळणाऱ्या सहायकांचे अधिकार आणि पत्रे आपोआप लावणारे नियम मागेच राहतात. दर सोमवारची बैठक एकदाच मंगळवारी ढकललेली असेल, तर असा अपवाद नव्या जागी नीट उतरला की नाही, हे तपासावे लागते. अधिकार नव्याने द्यावे लागतात आणि नियम 'सिव्ह' या खुल्या भाषेत पुन्हा लिहावे लागतात. आयफोनमध्ये कॅलडॅव्हची सोय मुळातच आहे. अँड्रॉइडवर त्यासाठी डॅव्हएक्स-फाइव्हसारखे ॲप टाकावे लागते.

परवाना शुल्क वाचले तरी प्रशिक्षण आणि जाणकार प्रशासक यांवर खर्च होतोच. पहिल्या वर्षी तो अधिक जाणवतो. मिळते ते वेगळेच : साठा खुल्या स्वरूपात असल्याने पुढे पुरवठादार बदलायचा झाला, तर वाट मोकळी असते. तरीही फोल्डरनिहाय पत्रसंख्या जुळेपर्यंत आणि बॅकअपमधून एखादी पत्रपेटी प्रत्यक्ष परत आणून पाहेपर्यंत जुना सर्व्हर बंद करू नये.