संगणक रांगतो? ठरावाआधी रॅम बघा

मार्चअखेर आली की प्रभागसंघाच्या कार्यालयातला संगणक रांगायला लागतो आणि दुकानदार म्हणतो, नवीनच घ्या. गटांचा पैसा आहे, म्हणून ठराव लिहिण्याआधी एवढं करा. काम सुरू असतानाच कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’ बघा. ४ जीबीपैकी साडेतीन सतत भरलेली दिसली, तर रॅम कमी पडते आहे. मेमरी मोकळी आणि ‘डिस्क’ मात्र शंभर टक्क्यांवर अडकलेली असेल, तर रॅमवर खर्च नको; तिथे एसएसडी लावलेली बरी.

विंडोज ३२ बिटची असली तर ४ जीबीच्या वरची रॅम सहसा वापरलीच जात नाही, हेही विचारून घ्या.

रॅमची पट्टी कोणतीही चालत नाही. डीडीआर३च्या जागी डीडीआर४ बसतच नाही, तिची खाच वेगळ्या जागी असते. लॅपटॉपची तर आखूडच. भामरागड, सिरोंच्याहून चंद्रपूरला दुसरी खेप कोणाला परवडते? प्लग काढून डबा उघडा, जुन्या पट्टीवरच्या चिठ्ठीचा फोटो घ्या, दुसरी जागा रिकामी आहे का पाहा. बिल संघाच्याच नावाने मागा, वॉरंटी लिहून.