निरंतर वैद्यकीय शिक्षण : मस्तिष्क-आघात व तंत्रिका विकार

निरंतर वैद्यकीय शिक्षण : वैद्यकाची पदवी मिळवून व्यवसायास प्रारंभ केल्यानंतर आपले ज्ञान व कौशल्य अद्ययावत राखण्यासाठी वैद्याने आयुष्यभर घ्यावयाच्या पद्धतशीर शिक्षणास ‘निरंतर वैद्यकीय शिक्षण’ म्हणतात. व्याख्याने, चर्चासत्रे, रुग्णांच्या प्रत्यक्ष तपासणीवर आधारलेले वर्ग, प्रात्यक्षिके, नियतकालिकांचे वाचन व दूरसंपर्काद्वारे दिले जाणारे पाठ यांचा त्यात समावेश होतो. वैद्यकाच्या सर्वच शाखांत या शिक्षणाची गरज असली, तरी मेंदूच्या रक्तपुरवठ्यात अकस्मात बिघाड होऊन उद्‌भवणाऱ्या मस्तिष्क-आघाताच्या (पक्षाघाताच्या झटक्याच्या) बाबतीत ती विशेष तीव्र आहे. या विकारावरील उपचार गेल्या तीन दशकांत मुळापासून बदलले आहेत आणि ते अवघ्या काही तासांच्या मुदतीतच गुणकारी ठरतात. त्यामुळे रुग्णास प्रथम पाहणाऱ्या वैद्यास काय ठाऊक आहे, यावर रुग्ण पुन्हा चालू-बोलू लागणार की कायमचा परावलंबी होणार, हे पुष्कळ वेळा ठरते. मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न अधिक ठळकपणे दिसून येतो.

विकाराचे स्वरूप : मस्तिष्क-आघाताचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात मेंदूला रक्त पुरविणारी रोहिणी रक्ताच्या गुठळीने बंद होते. ही गुठळी तेथेच तयार झालेली असते (अंतर्क्लथन) किंवा हृदयातून वा मानेतील रोहिणीतून वाहत आलेली असते (अंतर्कीलन). दुसऱ्या प्रकारात रोहिणी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. दोहोंची बाह्य लक्षणे सारखीच असू शकतात. एका बाजूचा हात व पाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे वा बंद होणे, एकाएकी दिसेनासे होणे, तोल जाणे ही त्यांपैकी प्रमुख होत. रोहिणी बंद झाल्यावर त्या भागातील काही ऊतक लगेच मरते. त्याभोवतीचे ऊतक मात्र काही काळ निष्क्रिय पण जिवंत राहते. रक्तप्रवाह वेळीच पूर्ववत केल्यास हाच भाग वाचविता येतो. मोठी रोहिणी बंद झाल्यास उपचाराविना दर मिनिटास सरासरी सु. १९ लाख तंत्रिका कोशिका नष्ट होतात, असा अंदाज २००६ मध्ये प्रसिद्ध झाला.

मुंबईत २००५-०६ या काळात प्रफुल्ल दलाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दीड लाखाहून अधिक लोकवस्तीची पाहणी केली. तीत दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला सु. १४५ व्यक्तींना प्रथमच आघात झाल्याचे आढळले. त्यांतील सु. ८० टक्के आघात रोहिणी बंद झाल्यामुळे झालेले होते आणि जवळजवळ ३० टक्के रुग्ण २८ दिवसांच्या आत मरण पावले.

ज्ञानातील बदल : आयुर्वेदात पक्षाघाताचे वर्णन वातव्याधींमध्ये केलेले आहे. यूरोपात योहान याकोप व्हेप्फर या वैद्याने १६५८ मध्ये शवविच्छेदनाच्या आधारे मेंदूतील रक्तस्राव व आघात यांचा संबंध दाखवून दिला. तरीही जिवंत रुग्णात गुठळी आहे की रक्तस्राव, हे खात्रीने ओळखण्याचे सोपे साधन १९७१ पर्यंत नव्हते. त्या वर्षी गॉडफ्री हाउन्सफील्ड यांनी विकसित केलेल्या सीटी स्कॅन यंत्राने लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्रण करण्यात आले. या कार्याबद्दल हाउन्सफील्ड यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासमवेत १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

निदान सुलभ झाले, तरी उपचार मागेच राहिले. अमेरिकेतील एका चाचणीत १९९५ मध्ये असे दिसून आले की, लक्षणे सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत अल्टेप्लेज हे गुठळी विरघळविणारे औषध शिरेतून दिल्यास अपंगत्व कमी होते. याच चाचणीत या औषधामुळे मेंदूत रक्तस्राव होऊन प्रकृती बिघडल्याचे प्रमाण ६.४ टक्के होते. औषध न दिलेल्या गटात ते ०.६ टक्के होते. त्यामुळे रुग्णाची निवड काटेकोरपणे करणे आवश्यक ठरले. २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढविता येते असे सिद्ध झाले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक चाचण्यांनी मोठ्या रोहिणीतील गुठळी बारीक नळीच्या साहाय्याने बाहेर काढण्याचे तंत्र गुणकारी असल्याचे दाखविले आणि निवडक रुग्णांत ते २४ तासांपर्यंत उपयोगी पडते, हे त्यानंतरच्या तीन वर्षांत स्पष्ट झाले. १९९५ पूर्वी पदवी घेतलेल्या वैद्यास यांपैकी कोणताही उपचार महाविद्यालयात शिकविला गेला नव्हता. ‘झटका आला, आता शुश्रूषेखेरीज काही करण्यासारखे नाही’, ही त्या काळची शिकवण होती व ती त्या वेळच्या ज्ञानाशी सुसंगतच होती. ती बदलणे हे निरंतर शिक्षणाचे पहिले काम होय.

रत्नागिरी जिल्ह्यातील परिस्थिती : रत्नागिरी जिल्हा दक्षिणोत्तर सु. १८० किमी. लांब असून पूर्वेस सह्याद्री व पश्चिमेस अरबी समुद्र यांमध्ये तो वसलेला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ होती. मुंबईतील पाहणीचे प्रमाण येथे जसेच्या तसे लावल्यास वर्षाला सु. २,३०० नवे रुग्ण होतात. वयोरचना व राहणीमान यांतील फरकामुळे हा हिशोब केवळ प्रश्नाच्या आवाक्याची कल्पना देणारा आहे. मंडणगडपासून राजापूरपर्यंतच्या नऊ तालुक्यांतील वस्ती वाड्यावाड्यांतून विखुरलेली असून खाड्या, चढउताराचे रस्ते व पावसाळ्यातील मुसळधार पर्जन्य यांमुळे प्रवासास वेळ लागतो. नोकरीनिमित्त मुंबईस जाण्याची येथील परंपरा जुनी आहे. २०११ मध्ये जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, त्याचे हे एक प्रमुख कारण होय. गावच्या घरी वयस्कर माणसे एकटी राहत असल्यास झटका नेमका केव्हा आला हे सांगणारे कोणी नसते आणि ती वेळ न कळल्यास गुठळी विरघळविणारे औषध द्यावे की नाही, हे ठरविणे अवघड होते.

अशा रुग्णास प्रथम पाहणारा वैद्य बहुधा प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी किंवा गावातील खाजगी व्यवसायी असतो. खाजगी व्यवसायींत आयुर्वेद व होमिओपॅथीच्या पदवीधरांचाही समावेश होतो. मेंदूविकारतज्ज्ञ मुख्यतः मोठ्या शहरांत असल्याने कोल्हापूर, पुणे किंवा मुंबई गाठण्यातच उपचाराची मुदत संपण्याचा संभव असतो. राज्यात २०१४ पासून सुरू असलेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा या बाबतीत साहाय्यभूत ठरते. पण रुग्णास कोठे न्यावयाचे याचा निर्णय अचूक असावा लागतो. सीटी स्कॅनची सोय नसलेल्या जवळच्या रुग्णालयापेक्षा ती असलेले थोडे दूरचे रुग्णालय अशा वेळी अधिक योग्य असते. शिक्षणाच्या दृष्टीने जिल्ह्यात दोन केंद्रे महत्त्वाची आहेत : डेरवण (ता. चिपळूण) येथील वालावलकर रुग्णालयाशी संलग्न असे २०१५ मध्ये स्थापन झालेले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि रत्नागिरी येथे २०२३ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय.

शिक्षणाचा आशय : प्रथम संपर्कातील वैद्यास तज्ज्ञ बनविणे हा या शिक्षणाचा हेतू नाही. त्याने पहिल्या तासात काय करावे व काय टाळावे, हे त्यास निश्चितपणे समजावे एवढीच अपेक्षा असते. त्यातील मुख्य बाबी पुढीलप्रमाणे आहेत : (१) चेहरा, हात व वाचा यांची झटपट तपासणी करून आघाताचा संशय घेणे. (२) रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा दिसला होता ती वेळ विचारून लिहून ठेवणे. झोपेतून उठताना लक्षणे आढळल्यास झोपण्यापूर्वीची वेळ ग्राह्य धरतात. (३) रक्तातील साखर तपासणे. कारण साखर फार कमी झाल्यानेही पक्षाघातासारखी लक्षणे दिसतात व ती साखर देताच नाहीशी होतात. (४) गिळण्याची क्षमता तपासल्याशिवाय पाणी, चहा वा औषध तोंडावाटे न देणे; अन्यथा ते श्वासमार्गात जाऊन फुप्फुसशोथ होण्याचा धोका असतो. (५) वाढलेला रक्तदाब घाईने न उतरविणे. जिभेखाली औषध देऊन तो एकाएकी खाली आणल्यास अर्धमेल्या ऊतकाचा उरलासुरला रक्तपुरवठाही तुटतो. (६) रक्तस्राव नाही याची सीटी स्कॅनने खात्री होण्यापूर्वी ॲस्पिरिन न देणे. (७) पुढील रुग्णालयास दूरध्वनीने आगाऊ कळविणे.

रुग्णालयातील वैद्यांसाठी यापुढचा टप्पा असतो. तीव्रता मोजण्याच्या प्रमाणित गुणपद्धतीचा वापर, चित्रणाचे वाचन, औषधाची वजनानुसार मात्रा (अल्टेप्लेजसाठी दर किग्रॅ.मागे ०.९ मिग्रॅ. व कमाल ९० मिग्रॅ.), तत्पूर्वी रक्तदाब १८५/११० मिमी.च्या खाली आणणे आणि औषध दिल्यानंतरची देखरेख यांचा त्यात अंतर्भाव होतो. बेशुद्धीची खोली मोजण्यासाठी ग्लासगो येथे १९७४ मध्ये तयार झालेली श्रेणी डोक्याच्या दुखापतीच्या रुग्णांतही उपयोगी पडते.

इतर तंत्रिका विकार : आघाताखेरीज अपस्मार, मस्तिष्कावरणशोथ, डोक्याची दुखापत व कंपवात हे विकारही या शिक्षणाचे विषय आहेत. कोकणात त्यांत सर्पदंशाची भर पडते. मण्यारीचा दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या व्यक्तीस होतो व तो पुष्कळदा वेदनारहित असतो. पहाटे पापण्या मिटू लागतात, गिळता येईनासे होते व अखेर श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. ही लुळेपणाची लक्षणे दोन्ही बाजूंस सारखी असतात, तर आघातात ती बहुधा एका बाजूस असतात. हा भेद ध्यानात घेऊन रुग्णास वेळीच सर्पविषप्रतिबंधक लस व कृत्रिम श्वसन दिल्यास तो वाचतो.

ज्ञानाचा प्रवाह केवळ महानगराकडून खेड्याकडेच वाहतो असे नाही, हेही कोकणातच दिसून आले आहे. रायगड जिल्ह्यातील बिरवाडी व महाड येथे काम करताना हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या हृदयावरील परिणामांची बारकाईने नोंद केली. त्यांचे निरीक्षण १९८२ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे प्राझोसिन या औषधाचा त्यांनी केलेला वापर ग्रामीण वैद्यांपर्यंत पोहोचून मृत्यूंचे प्रमाण घटले. बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री हा किताब देण्यात आला.

पद्धती व परिणामकारकता : केवळ व्याख्याने ऐकून वैद्यांच्या वर्तनात फारसा फरक पडत नाही, असे कॅनडातील डेव्हिस व त्यांचे सहकारी यांनी १९९९ मध्ये अनेक अभ्यासांच्या समालोचनावरून दाखविले. प्रश्नोत्तरे, प्रत्यक्ष सराव व काही काळाने पुन्हा घेतलेले वर्ग यांचा परिणाम अधिक होतो. ऑस्ट्रेलियात २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत परिचारिकांना ताप, रक्तातील साखर व गिळण्याची क्षमता या तीनच गोष्टींकडे नियमाने लक्ष देण्याचे शिक्षण देण्यात आले. ९० दिवसांनंतर मृत्यू वा परावलंबित्व आलेल्यांचे प्रमाण अशा रुग्णालयांत ४२ टक्के, तर इतरत्र ५८ टक्के आढळले. महागडी साधने नसलेल्या रुग्णालयांना हा निष्कर्ष विशेष मोलाचा आहे.

तथापि शिक्षणाने सर्व काही साधते असेही नव्हे. रुग्णाच्या कुटुंबीयांना व्यायामोपचार शिकवून घरी पुनर्वसन करण्याची भारतातील मोठी चाचणी (२०१७) आणि रुग्णांना लघुसंदेश, चित्रफिती व पुस्तिका यांद्वारे प्रतिबंधाचे शिक्षण देणारी चाचणी (२०२३) या दोहोंत अपेक्षित लाभ दिसून आला नाही. कोणते शिक्षण, कोणास व कोणत्या वेळी द्यावे, याची पारख प्रयोगानेच करावी लागते.

नियमन व दूरवैद्यक : भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारविषयक नियमांत वैद्याने दर पाच वर्षांत किमान ३० तास निरंतर शिक्षण घ्यावे, अशी तरतूद आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषद नोंदणीच्या नूतनीकरणासाठी अशा शिक्षणाचे गुणांक विचारात घेते. आयुर्वेद व होमिओपॅथीच्या पदवीधरांची नोंदणी निराळ्या परिषदांकडे होते. त्यामुळे एकाच गावातील दोन वैद्यांना एकच वर्ग उपलब्ध होईलच असे नसते. शिवाय तासांची मोजणी म्हणजे ज्ञानाची मोजणी नव्हे. शहरातील सभागृहात भरणाऱ्या परिषदेस जावयाचे, तर एकट्या वैद्यावर चालणारा दवाखाना बंद ठेवावा लागतो, ही अडचणही दुर्लक्षणीय नाही.

दूरसंपर्क साधनांनी ही अडचण काही अंशी दूर केली आहे. हिमाचल प्रदेशात २०१४ पासून जिल्हा रुग्णालयांतील वैद्यांना प्रशिक्षण देऊन, सीटी स्कॅनची चित्रे भ्रमणध्वनीवरून तज्ज्ञांना दाखवून व त्यांच्या सल्ल्याने गुठळी विरघळविणारे औषध देण्याची योजना राबविण्यात आली. डोंगराळ भूभाग व तज्ज्ञांचा अभाव या बाबतींत रत्नागिरीशी साम्य असल्याने हे उदाहरण उद्‌बोधक आहे. मार्च २०२० मध्ये केंद्र शासनाने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केल्याने अशा सल्ल्यास निश्चित चौकट लाभली. अशा व्यवस्थेत प्रत्येक रुग्ण हा एक पाठच असतो; तज्ज्ञाचा सल्ला ऐकून स्थानिक वैद्य पुढील रुग्णाच्या वेळी अधिक आत्मविश्वासाने वागतो.

आघात टाळण्याचे कार्य मात्र दवाखान्यातच, झटक्याच्या कित्येक वर्षे आधी व्हावयाचे असते. वाढलेला रक्तदाब हे आघाताचे सर्वांत महत्त्वाचे टाळता येण्याजोगे कारण आहे. मधुमेह, तंबाखूसेवन व हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता ही इतर कारणे होत. दर भेटीत रक्तदाब मोजणे, बरे वाटते म्हणून औषध बंद न करण्याविषयी रुग्णास समजावणे आणि नाडी हाताने तपासणे यांस मोठे यंत्र लागत नाही. निरंतर शिक्षणाचा सर्वाधिक लाभ या साध्या सवयी दृढ होण्यातच आहे.

[→ अपस्मार, तंत्रिका तंत्र, पक्षाघात, मेंदू].