आठावर चाळीस शून्ये

२४ आणि २५ नोव्हेंबर २०२४ हे दोन दिवस सौदी अरेबियातल्या जेद्दाह शहरात आयपीएलचा महालिलाव चालला. नोंदणी १५७४ खेळाडूंची. छाननीनंतर यादीत उरले ५७७. दहा संघांत मिळून रिकाम्या जागा २०४. प्रत्यक्षात विकले गेले १८२ जण आणि त्यांच्यावर खर्च झाले ६३९ कोटी १५ लाख रुपये.

आता एका संघाच्या टेबलावर बसून पाहा. पंजाब किंग्जने शशांक सिंग आणि प्रभसिमरन सिंग या दोघांनाच राखलं होतं. हाताशी ११० कोटी ५० लाख रुपये आणि जास्तीत जास्त २३ जागा. ५७७ जणांतून २३ जण किती वेगवेगळ्या प्रकारे निवडता येतात? उत्तर येतं साधारण आठावर चाळीस शून्ये. परदेशी खेळाडू आठच घेता येतात हा नियम लावला तरी आकडा फार तर निम्मा होतो.

एवढी मोठी संख्या डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून बुलढाणेकरांच्या ओळखीचं माप घेऊ. लोणार सरोवराचं पाणी साधारण १.२ किलोमीटर व्यासात पसरलेलं आहे. खोली सढळ हाताने सगळीकडे दहा मीटर धरू. पाण्याच्या एका थेंबातच रेणूंची संख्या एकावर एकवीस शून्यांच्या पुढे जाते. अख्ख्या सरोवरातले रेणू मोजले, तरी पंजाबसमोरचे पर्याय त्यांच्या दोन लाख पटींच्या घरात भरतात.

पर्याय अफाट आहेत. मग त्यांतून निवडायला आधार कशाचा? गेल्या हंगामातल्या कामगिरीचा. खरी गंमत इथे सुरू होते, कारण हा आधार फारच तोकडा आहे.

साखळीत एका संघाचे सामने १४. गोलंदाजाने प्रत्येक सामन्यात पूर्ण चार षटकं टाकली, तरी हंगामात ३३६ चेंडू. फलंदाजाचे फार तर १४ डाव. समजा एका फलंदाजाची खरी कुवत डावाला ३० धावांची आहे. फलंदाजीत आज शून्य, उद्या ७० असं चालतंच. हा चढउतार हिशेबात धरला, तर १४ डावांची त्याची सरासरी दर तीन हंगामांपैकी दोनदा २२ ते ३८ च्या दरम्यान येईल आणि एकदा त्याच्याही बाहेर जाईल. तोच खेळाडू, तेवढीच मेहनत. पण २२ आली की त्याला घरी बसवतात आणि ३८ आली की त्याच्यावर कोटींची बोली लागते. हा आठ धावांचा घोळ तीन धावांवर आणायचा, तर सुमारे १०० डाव पाहावे लागतात. म्हणजे सात हंगाम.

हेच उलट बाजूने पाहा. अगदी सारख्या कुवतीचे २०० फलंदाज एका हंगामात उतरवले, तर निव्वळ योगायोगाने तीसेक जण ३८ च्या वर जातील आणि किमान चार-पाच जण ४६ च्याही पुढे. त्या चार-पाच जणांमध्ये वेगळं काहीच नाही. लिलावात मात्र सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावरच असतील.

अमेरिकन फुटबॉलमध्ये हे कोडं फार वर्षांपासून सोडवलं जातंय. तिथे दरवर्षी ३२ व्यावसायिक संघ महाविद्यालयीन खेळाडूंमधून ओळीने निवड करतात. सात फेऱ्या, अडीचशेच्या आसपास नावं, हाताशी अमाप पैसा आणि वर्षभर राबणारे निरीक्षक. २००० साली टॉम ब्रेडी सहाव्या फेरीत, १९९ व्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच्याच जागेवर खेळणारे सहा जण त्याच्याआधी घेतले गेले होते. पुढे त्याने सात वेळा सुपर बोल, म्हणजे तिथला अंतिम सामना, जिंकला. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी अशा अनेक वर्षांच्या निवडी तपासल्या. आधी निवडलेला खेळाडू हा त्याच जागेसाठी त्याच्या लगेच नंतर निवडलेल्या खेळाडूपेक्षा सरस ठरण्याची शक्यता त्यांना किती आढळली? ५२ टक्के. नाणेफेकीपेक्षा जेमतेम दोन टक्के जास्त. थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. या अभ्यासातून निघालेला सल्ला साधा होता. एका मोठ्या नावासाठी सगळं पणाला लावू नका, त्याऐवजी जास्त खेळाडू निवडण्याची संधी घ्या.

आपल्याकडचा दाखला विदर्भातलाच आहे. अमरावतीच्या जितेश शर्माला मुंबई इंडियन्सने २०१६ मध्ये संघात घेतलं, पण एकही सामना खेळवला नाही. २०२२ मध्ये पंजाबने त्याला २० लाखांत उचललं. जेद्दाहमध्ये बंगळुरूने त्याच्यासाठी ११ कोटी मोजले. त्याच लिलावात २७ कोटींची सर्वांत मोठी बोली लखनौने ऋषभ पंतवर लावली होती. २७ मे २०२५ ला लखनौमध्ये हे दोघे समोरासमोर आले. पंतने नाबाद ११८ केल्या. त्याच्या पूर्ण हंगामाच्या धावा २६९, म्हणजे जवळजवळ निम्म्या या एका डावात आल्या. बंगळुरूला २२८ हव्या होत्या. त्या दिवशी कर्णधार असलेल्या जितेशने ३३ चेंडूंत नाबाद ८५ करून सामना जिंकला.

जितेश उशिरा का होईना, कुणाच्या तरी नजरेत आला. ज्याची नोंदच नाही त्याचं काय? वेगवान गोलंदाज उमेश यादव हा खापरखेड्याच्या कोळसा खाण कामगाराचा मुलगा. विशीच्या उंबरठ्यावर येईपर्यंत तो टेनिस बॉलवरच खेळला. २००८ मध्ये त्याने रणजी पदार्पण केलं आणि तीन वर्षांनी तो भारतासाठी कसोटी खेळत होता. त्याचा वेग आधीही होताच, फक्त तो कुठल्या कागदावर नव्हता.

नोंद असली की काय घडतं, हे बुलढाण्याने तिरंदाजीत पाहिलं आहे. तिथे पात्रता फेरीत प्रत्येकाचे ७२ बाण, कमाल गुण ७२०. कम्पाउंड, म्हणजे कप्पीच्या धनुष्याच्या प्रकारात अंतर सगळीकडे ५० मीटर. गाव कुठलं, वशिला कुणाचा, याने आकडा हलत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये पोलंडमधल्या व्रोत्सवाफ इथे जागतिक युवा स्पर्धेत भारताच्या अठरा वर्षांखालील कम्पाउंड संघाने अमेरिकेला २३३ विरुद्ध २३१ असं हरवून सुवर्ण जिंकलं. चोवीस बाण, २४० पैकी २३३ गुण. त्या तिघांमध्ये बुलढाण्याचा मिहीर अपार होता.

क्रिकेटमध्ये हे करायला काय लागतं? गुणलेखकाची वही. एका षटकाच्या चौकोनात सहा खुणा, निर्धाव चेंडूला टिंब, बळी गेला की डब्ल्यू. षटक निर्धाव गेलं की ती सहा टिंबं जोडून एम काढायचा. एवढ्यावरून गोलंदाजाने आपल्या कितव्या षटकात फलंदाजांना कसं रोखलं हे दहा वर्षांनंतरही सांगता येतं. आमच्याकडच्या टेनिस बॉलच्या स्पर्धांत मात्र अंतिम धावफलकापलीकडे फारसं काही मागे उरत नाही.

बुलढाणा जिल्ह्यात १३ तालुके. दिवाळीनंतरच्या मोसमात तालुक्याला वीस षटकांचे फक्त ४० सामने धरा. एका सामन्याचे २४० चेंडू, म्हणजे जिल्ह्याचे १ लाख २४ हजार ८००. आयपीएलच्या ७४ सामन्यांत मिळून जास्तीत जास्त १७ हजार ७६० चेंडू पडतात. ६३९ कोटी खर्चून ज्या खेळाडूंचा अंदाज बांधतात, त्यांच्या अख्ख्या हंगामाच्या सातपट चेंडू एका जिल्ह्यात पडू शकतात, आणि ते संध्याकाळी मैदानाच्या धुळीत पुसले जातात.

निवड समितीने गावोगाव फिरावं ही मागणी रास्तच आहे. पण एका दुपारी टाकलेल्या चार षटकांवरून अनुभवी डोळाही चुकतो, हे वरचे आकडे सांगतात. त्या पोराच्या नावावर ५०० चेंडूंची नोंद असेल, तर समितीला बोलायला आधार मिळेल आणि पोराला भांडायलाही. प्रत्येक स्पर्धेच्या आयोजकाने बक्षिसाच्या रकमेतून थोडे पैसे बाजूला काढून एक शिकलेला गुणलेखक बसवावा, वह्या तालुक्याच्या ठिकाणी जपून ठेवाव्यात. मेहकर किंवा मोताळ्यातून पुढचा वेगवान गोलंदाज निघेल की नाही, हे आज कुणीही सांगू शकत नाही. त्याने टाकलेले चेंडू मोजणं मात्र येत्या मोसमापासूनच आपल्या हातात आहे.