तमाशा फड : कलावंताच्या कामाची रचना

फडाचे स्वरूप

तमाशाचे दोन मुख्य प्रकार मानले जातात. संगीतबारीत गायिका-नर्तकींची छोटी पार्टी कलाकेंद्रात राहून लावणी सादर करते. चौफुला, मोडनिंब ही त्यासाठी प्रसिद्ध असलेली ठिकाणे. ढोलकीफडाचा तमाशा मात्र फिरता असतो आणि गण, गवळण, बतावणी आणि शेवटी वग, म्हणजे कथानाट्य, असा त्याचा ठरलेला क्रम असतो. मोठ्या फडात शंभराच्या घरात माणसे असतात. तंबू ठोकणारे, गाड्या हाकणारे, आचारी, वायरमन ही त्यांतली मंडळी प्रेक्षकांना कधीच दिसत नाहीत. फड हा कलेचा संच तर असतोच, शिवाय मालक, मजूर, भांडवल आणि कर्ज असलेला हंगामी धंदाही असतो.

कामाची वाटणी

ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज ही मूळ वाद्ये. पारंपरिक हलगीचे कातडे हवेतल्या ओलाव्याने सैल पडते, म्हणून खेळाआधी ती जाळावर शेकून घेतात. कडक आवाज तेव्हाच निघतो. हलगीवाल्याचे काम असे पडदा उघडण्याच्या बरेच आधी सुरू होते. वगाचे कथानक ठरलेले असले तरी संवादांचा मोठा भाग रंगमंचावरच रचला जातो. सोंगाड्याला, म्हणजे विनोदी नटाला, त्यासाठी हजरजबाबीपणा लागतो आणि गावातल्या ताज्या घडामोडींची माहितीही. ही विद्या बहुधा पुस्तकातून मिळत नाही. फडात वाढलेली मुले पाहून-ऐकूनच ती उचलतात. लहान फडांत कामांची सरमिसळ असते. रात्री वगात राजा झालेला नट पहाटे कनाती गुंडाळायला हात लावतो.

सुपारी

जत्रेचा तमाशा गाव ठरवते. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे या व्यवहाराचे मोठे केंद्र. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडमालकांच्या राहुट्या लागतात. बाहेर फडाच्या नावाचा फलक, आत मालक किंवा व्यवस्थापक आणि समोर तारखांची वही. गावोगावचे जत्रा कमिटीचे पंच राहुट्यांमधून फिरतात, नर्तकी किती, वग कोणता, सोंगाड्या कोण याची चौकशी करतात आणि घासाघीस करून सुपारी देतात. जत्रा तिथीवर ठरते, ही यातली अडचण. चैत्र पौर्णिमेसारख्या दिवशी अनेक गावांना एकाच रात्री तमाशा हवा असतो आणि फड तर एकाच गावी उभा राहू शकतो. त्या तिथीला दर चढतो. तिथी सरली की तोच फड कमी रकमेतही खेळ करतो. सुपारीत रात्रीच्या खेळाबरोबर अनेकदा दुसऱ्या सकाळच्या हजेरीचाही समावेश असतो. रात्रीच्या जागरणानंतर कलावंत पुन्हा गावकऱ्यांसमोर गायला उभे राहतात. जत्रांखेरीज मोठे फड स्वतःचा तंबू लावून तिकिटावरही खेळ करतात. तेथे पाऊस आणि रिकाम्या खुर्च्या यांचा तोटा मालकाचा.

उचल

हंगाम साधारण दसऱ्याला सुरू होतो आणि वैशाखात संपतो. पावसाळ्यात खेळ नसतात, मात्र घरखर्च, आजारपण, मुलांची लग्ने थांबत नाहीत. म्हणून कलावंत हंगामापूर्वीच मालकाकडून ठोक रक्कम घेतो. ही उचल पुढे पगारातून वळती होते. मालकही ती बहुधा व्याजाने आणलेल्या पैशातून देतो आणि येणाऱ्या सुपाऱ्यांच्या भरवशावर सावकाराला शब्द देतो. गावाची वर्गणी, मालकाचे कर्ज आणि कलावंताचे घर अशी ही साखळी आहे. दुष्काळाने वर्गणी आटली की ती शेवटच्या कडीपर्यंत ताणली जाते. 2020 आणि 2021 मध्ये कोरोनाच्या साथीमुळे जत्रा बंद राहिल्या तेव्हा मालक आणि कलावंत दोघेही एकदमच अडकले. उचलीला नुसती वेठ म्हणणे मला अपुरे वाटते. बँक ज्याला दारात उभे करत नाही, त्याला पत देणारी तीच एक सोय आहे. पण उचल फिटेपर्यंत फड बदलता येत नाही, आणि ती एका हंगामात फिटेलच असे नाही.

वेळेचे बंधन

पूर्वी वग पहाटेपर्यंत रंगत असे. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या 2000 सालच्या नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर निर्बंध आले. काही मोजक्या दिवसांनाच बारापर्यंत सवलत मिळते. शेतकरी रानातून येऊन जेवून बसेपर्यंत नऊ वाजतात. उरलेल्या वेळात गाणी आणि नृत्ये आधी घेतली जातात, कारण टाळ्या-शिट्ट्या तेथेच पडतात. वग आखडला की सोंगाड्या आणि वगनट यांची गरज घटते. असा एक नियम, आवाजासाठी केलेला, फडातल्या कोणत्या कलावंताला किती मोल यावे हेही ठरवून बसला आहे.

प्रतिष्ठा आणि पुरावा

महार, मातंग, कोल्हाटी या समाजांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या वाहिली. पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कुलकर्णी, ब्राह्मण घरातून फडात आले, ही अपवादाची गोष्ट; अमाप लोकप्रियता मिळूनही 1945 मध्ये ते विपन्नावस्थेतच वारले. विठाबाई नारायणगावकर यांनी खेळ चालू असताना प्रसूत होऊन पुन्हा रंगमंचावर उभे राहिल्याची हकिगत सर्वश्रुत आहे. 2002 मध्ये त्यांचे निधन झाले, तेही हलाखीत. पुढे राज्य शासनाने तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्काराला त्यांचे नाव दिले.

वृद्ध कलावंतांसाठी शासनाची मानधन योजना आहे. 2024 पासून तिची रक्कम सरसकट दरमहा 5,000 रुपये करण्यात आली. त्यासाठी कलाक्षेत्रातील दीर्घ कामाचे पुरावे मागितले जातात. येथे फडाची मूळ रीत आडवी येते. सुपारी असो वा उचल, व्यवहार बहुतांशी तोंडी किंवा मालकाच्या वहीतला असतो. नेमणूकपत्र नाही, पगारपत्रक नाही. अर्जाला जोडण्यासाठी उरतात त्या जुन्या जाहिराती, वर्तमानपत्रांची कात्रणे आणि खेळाचे एखादे छायाचित्र. नर्तकीचे नाव जाहिरातीवर छापले जाते, त्यामुळे तिला निदान तेवढा आधार असतो. मागे गाण्याची साथ धरणाऱ्या झीलकऱ्याचे नाव जाहिरातीवर क्वचितच येते.